‘कोळी’ या नोंदीवरील हरकती

अणदूर, १४ ऑक्टोबर १९४६

कु. शिवगंगा नागप्पा यांस,
शरणार्थ.

तुमची ‘कोळी’ ही नोंद परवा पोचली. आमच्या दुकानाचा माल सोलापूरहून मोटारीनं आणणारा सिदू ती घेऊन आला. पाकीट फोडलेलं होतं, पण मी फोडलेलं नव्हे. करोडगिरीच्या नाक्यावर जकात घेणाऱ्या अंमलदारानं उघडून आतली आकृती उलटीसुलटी करून बघितली आणि सिदूला विचारलं की हा कुठल्या किल्ल्याचा नकाशा. सिदू म्हणाला, "साहेब, मकडी है." अंमलदार म्हणाला, "मकडी को इत्ते बुरुज कायको?" सिदूला बराच वेळ उन्हात उभं केलं. तेव्हा माझी पहिली हरकत ही, की आकृतीखाली नाव घाला. जाळ्याची चक्रं आणि आरे तुम्ही सुरेख काढलेत, पण नाव नसल्यामुळं आमच्या इलाख्यात तो तुमच्या नळदुर्गचा किल्ला ठरतो.

मी कॉलेज सोडलं म्हणून वाचकाचं काम सुटत नाही, असं धोंडप्पानं कोशाचा संपादक या नात्यानं मला बजावलं आहे. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा तुमच्या नोंदीवर माझं नाव आलं होतं. नियमही तुम्हीच सभेत वाचून दाखवला होता. आपल्या हस्तलिखित विद्यार्थी-कोशातली प्रत्येक नोंद दुसऱ्या एकानं वाचायची, हरकती लिहून द्यायच्या, आणि त्या मिटल्या की खाली ‘मान्य’ लिहून सही करायची. त्या सहीशिवाय नोंद बांधणीला जाणार नाही. आणखी एक नियम होता, की बोलायचं ते नोंदीवर, लिहिणाऱ्यावर नाही. तोही मी पाळणार आहे.

तर नोंदीवर बोलतो. ‘कोळी हा अष्टपाद वर्गातील प्राणी असून’ इथून तुम्ही सुरुवात केलीत ती ठीक. पण तुम्ही कोळी बघितला कुठं? पहिली दोन पानं वाचताना मला लायब्ररीतलं ते जाड इंग्रजी पुस्तक दिसत राहिलं, कोळी काही दिसेना. पुढं तुम्ही लिहिता, ‘नर आकाराने लहान व नगण्य असतो.’ लहान असेल. पण नगण्य हे कुणी ठरवलं? शास्त्रात नगण्य कुणी असतं का? आणि त्याच्याच खाली, ‘मीलनानंतर मादी बहुधा नराला खाऊन टाकते.’ बहुधा म्हणजे किती वेळा? कुणी बघितलं? हे वाक्य तुम्ही मला उद्देशून लिहिलेलं नाही, हे मला कळतं. मी फक्त पुरावा मागतो आहे.

मी परत का आलो याबद्दल तिकडं काय बोलतात ते मला ठाऊक नाही. तुमच्या नावाचं गाणं करून जेवणाच्या पंगतीत म्हणणाऱ्याच्या डोक्यात मी दौत घातली. दौतीत शाई होती हा काही माझा अपराध नव्हे. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, आधी त्याला तिची मागू द्या. ती त्यानं मागितली नाही, मी पण मागितली नाही, आणि मागणारही नाही. हे नोंदीत बसत नाही, म्हणून इथंच थांबतो.

हरकती मिटल्या की मान्य लिहीन.

विरुपाक्ष कल्याणप्पा


अणदूर, २९ ऑक्टोबर १९४६

कु. शिवगंगा यांस,
शरणार्थ.

दुरुस्त पानं मिळाली, आणि त्यांच्यासोबतच्या चार ओळीही मिळाल्या. ‘आकृतीखाली नाव घातले. नगण्य हा शब्द काढला. बहुधाऐवजी काही जातींत असे केले. कोळी प्रत्यक्ष पाहिला आहे, मामांच्या परसात, तोंडल्याच्या मांडवात.’

बास, एवढंच. पण तोंडल्याचा मांडव नोंदीत का नाही? तो घाला. सकाळी बघता की संध्याकाळी, मांडवाखाली उभ्या राहून की पायरीवर बसून, हेही आलं तर वाचणाऱ्याला बरं.

मी पण बघायला लागलोय. आमच्या दुकानामागं तुरीचा पट्टा आहे. दोन ओळींच्या मधे एक मोठं गोल जाळं आहे आणि त्याच्या मधोमध एक पिवळ्या पट्ट्यांची कोळीण डोकं खाली करून बसलेली असते. तिथं जाऊन उभं राहिलं की आई दुकानाच्या मागच्या दारातून ओरडते. काल म्हणाली, "गिऱ्हाईक उभं ऱ्हायलंय आन तू जेड बघत बसलायस. जेडाचं काय लगीन लावायचंय?" जेड हे नाव तुमच्या नोंदीत नाही. तुमच्या घरीही कानडी बोलतात, मग सोलापुरात गेल्यावर विसरलात का? मकडी पण नाही. लोक ज्या नावानं हाक मारतात ती नावं कोशात नसतील तर सिदूसारख्यानं कोश उघडून करायचं काय? ही हरकत नोंदवून घ्या.

अप्पा काही म्हणत नाहीत. मी परत आल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर आईला सांगतात, मी तिथंच उभा असलो तरी. "त्याला म्हणावं पेंडीची पोती आत घे." मी पोती आत घेतो.

आणखी एक. चिकट सूत कुठलं आणि कोरडं कुठलं हे तुम्ही उलटं लिहिलंय. मी बोट लावून बघितलं. आरे कोरडे असतात, चक्रं चिकट.

आता मुख्य हरकत. त्या कोळिणीच्या जाळ्याच्या अगदी कडेला एक नर आहे. तुरीच्या फुलाचा वाळका तुकडा अडकलाय असंच आधी मला वाटलं. तो एका पायानं सूत ओढतो आणि थांबतो. पुन्हा ओढतो, थांबतो. कोळीण हलत नाही. माशी पडली तर एका दमात तिकडं पोचते, पण हा ओढतो तेव्हा तोंडसुद्धा फिरवत नाही. तुम्ही लिहिलंय, ‘नर जाळ्याच्या कडेला राहून तंतू हलवून आपल्या आगमनाची सूचना देतो.’ सूचना देतो हे बरोबर. पण मग पुढं काय? तिला ती पोचते का? पोचली तर ती उत्तर देते का? नोंद इथंच गप्प होते. हा भाग पुरा झाल्याशिवाय मला मान्य लिहिता येणार नाही.

विरुपाक्ष


अणदूर, २२ नोव्हेंबर १९४६

शिवगंगा,

तुझं पान आलं. ‘जेड व मकडी ही नावे घातली. तोंडल्याचा मांडव घातला. चिकट तंतूंची चूक खरी होती, दुरुस्त केली. मादी उत्तर देते किंवा नाही याला ग्रंथात आधार सापडला नाही, माझे निरीक्षणही नाही, म्हणून लिहिले नाही. आता हरकत नसल्यास मान्य लिहून पाठवावे, ही विनंती.’

विनंती तहसीलदाराला करतात. मी कोण आहे? तुला माझ्याशी दोन शब्द बोलायचे नसतील तर तसं लिही. हे पानाच्या तळाला ‘ही विनंती’ म्हणजे दारात आलेल्याला पाणी देऊन दार लावून घेण्यातली गत झाली. मी तू म्हणतोय हे मला दिसतंय. खोडणार नाही.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदावर माझी हरकत आहे. ‘जाळे मोडल्यास कोळी ते सूत खाऊन टाकतो व त्यातूनच पुन्हा नवे विणतो.’ ही पोरांना झोपवायची गोष्ट झाली. मोडलेलं कुणी गिळतं आणि सकाळी त्याचंच नवं करतं, असं कुठं होत असतं का? मला हे मान्य नाही. आणि खरं सांगू, उद्या मला ते डोळ्यानं दिसलं तरी मी मान्य लिहीन की नाही, मला ठाऊक नाही. मान्य लिहिलं की पाकिटं बंद होतील, हे मला कळतं. तुला कळतं का?

मला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी दौत उचलली तेव्हा तू कॉलेजच्या जिन्यात उभी होतीस. शाई भिंतीवर उडाली, सगळे ओरडले, तू मान खाली घालून वर निघून गेलीस. त्याचा अर्थ मला अजून लागत नाही. तुला बरं वाटलं की वाईट वाटलं, एका ओळीत लिही. ती ओळ आली की मी मान्य लिहीन.

चंपाषष्ठी झाली की खंडोबा आमच्या गावातून तुमच्या गावाला निघेल. दोन्ही गावची मोठी माणसं बसतील. तुमच्याकडचे लिहून देतील की देव ठरल्या दिवशी परत करू, आमच्याकडचे वाचून बघतील, मग पालखी हलेल. अप्पा असतात तिथं, तुझे वडीलही असतात. एवढा देव, पण लिहिल्याशिवाय त्याला वेस ओलांडता येत नाही. आणि तू एक ओळही लिहून न देता माझ्या एका शब्दाची फुकट वाट बघतेस.

विरुपाक्ष


अणदूर, १६ डिसेंबर १९४६

शिवगंगा,

उत्तर नाही. सिदूला मी तीन खेपा विचारलं. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "मालक, कागद असता तर मी काय भजी बांधून खाल्ली असती का?"

तुझं नाही, पण धोंडप्पाचं कार्ड आलं. पौर्णिमेच्या आत कोश बांधायचा आहे, तुझी एक सही अडली आहे, शहाणपणा पुरे कर, असं लिहितो. पौर्णिमेच्या आतच कशाला, ते लिहीत नाही. घाई तुझी की त्याची? त्याला मधे घालू नकोस. तुला माझ्याशी भांडायचं तर तू भांड.

देव तुमच्याकडं गेल्यापासून इथलं देऊळ रिकामं आहे. मी दुपारी तिथं जाऊन बसतो, कारण तिथं कुणी येत नाही. पुजारी झाडलोट करतो, दिवा लावतो आणि जातो. बसायला जागा तीच, खांब तेच, तरी बसवत नाही.

तूर काढायला आली आहे. जाळ्याच्या कडेचा नर दिसत नाही. तिनं त्याला खाल्लं की तो निघून गेला, मला ठाऊक नाही. त्या दिवशी अप्पांनी मला माल घ्यायला मोंढ्यात पाठवलं होतं. परत आलो तर कडेचं सूत रिकामं होतं आणि ती मधोमध तशीच बसली होती. म्हणजे एवढे दिवस बघून जे बघायचं तेच माझं राहिलं.

शिवी लिहिलीस तरी चालेल. नालायक लिही, मवाली लिही. अक्षर तुझं पाहिजे.

वि.


अणदूर, २० जानेवारी १९४७

कु. शिवगंगा यांस,
शरणार्थ.

यानंतर तुम्हाला कुमारी लिहिता येणार नाही, म्हणून आज लिहून घेतो.

पाकिटात दोन कागद आहेत. हा वाचून चुलीत घाला. दुसऱ्यावर फक्त नोंदीबद्दल आहे, तो कुणाच्याही हाती लागला तरी चालेल. पाकीट सिदूकडं दिलेलं नाही. आई संक्रांतीच्या वाणाला नळदुर्गला येते आहे, तिच्याकडं दिलं. काय आहे म्हणून तिनं विचारलं नाही. "जेडाचंच आहे ना? दे," म्हणाली आणि कमरेला खोचलं.

पौर्णिमेला मी अप्पांबरोबर तुमच्या घरी का आलो, असं तुम्हाला वाटलं असेल. मीच हट्ट केला होता. खंडोबाच्या पौर्णिमेच्या यात्रेला तुम्ही घरी असणार, कुठंतरी दिसाल, एवढीच माझी अक्कल होती. ओसरीवर तुमच्या वडिलांनी आम्हाला बसवलं, हुरडा पुढं ठेवला, आणि देव परत न्यायच्या दिवसाचं बोलता बोलता त्यांनी ते सगळं अप्पांना सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहितो. चूक असेल तर या खेपेला हरकत तुम्ही घ्या.

ते म्हणाले, पावसाळ्यात कॉलेजात पोरीच्या नावानं काही तमाशा झाला, कुणीतरी कुणाचं तरी डोकं फोडलं. त्याच दिवशी तिला घरी आणणार होतो. तिचा मामा आडवा पडला. म्हणाला, पोरगी काय शिकते ते तुम्ही बघितलंय कुठं? तिच्या नावाची नोंद असलेला कोश बांधून यात्रेला तुमच्या पुढ्यात ठेवतो. ठेवला तर बी. ए. होईपर्यंत तिच्या शिक्षणाला हात लावायचा नाही, नाही ठेवला तर बागलकोटचं स्थळ आहेच. वडील कबूल झाले. मामांनी यात्रेच्या दोन दिवस आधी कोश आणलाही. वडिलांनी चष्मा लावून एकेक पान उलटलं. कोळ्यासाठी धोंडप्पानं सोडलेलं पान कोरंच बांधलं गेलं होतं.

"आता कोऱ्या पानावर मी काय वाचू, कल्याणप्पा?" असं म्हणून तुमचे वडील हसले. रागावलेही नाहीत. वाचणाऱ्या कुण्या पोरानं सही अडवून धरली म्हणे, सोलापूरची पोरं, त्यांना काय कळतं. बागलकोटकरांनी आदल्या दिवशी कुंकू लावलं होतं.

मी उठलो होतो. ते पोरगं मी, ते डोकंही मीच फोडलं, असं सांगायला तोंड उघडलं होतं. अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मग मला दिसलं, की मी बोललो तर ओसरीवरच्या सगळ्यांना तुमचं आणि माझं नाव एका वाक्यात मिळेल, आणि ते बागलकोटपर्यंत तुमच्या पाठी येईल. म्हणून खाली बसलो. आजवर गप्प बसायच्या जागी मी बोललो. इथं गप्प बसलो, तर तेही बरोबर केलं की नाही हे मला सांगता येत नाही.

नंतर मागच्या अंगणात हात धुताना तुम्ही पाणी घालायला आलात. मी विचारलं, एक ओळ लिहिली असती तर मी त्याच दिवशी सही पाठवली नसती का? तुम्ही तांब्या खाली ठेवलात. जे बोललात ते मी रोज ऐकतो.

"माझ्यासाठी तुम्ही दौत फेकलीत, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तरी सगळे म्हणतात तुमचा माझ्यावर उपकार आहे. आणखी एक मागून घेऊ?"

मी म्हणालो, मग धोंडप्पानं दुसऱ्या कुणाची सही का घेतली नाही. तो तयार होता, म्हणालात. "मीच नको म्हटलं, नियम सभेत मी वाचला होता." आणि मग जाता जाता, माझ्याकडं न बघता, "नोंद कशी होती तेवढं सांगायचं होतं. ते कुणीच सांगितलं नाही."

तेवढ्यात अप्पांनी हाक मारली.

परत येताना आम्ही दोघं चालत आलो. वेशीजवळ अप्पा थांबले, धाप लागली होती. पावसाळ्यापासून पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "तुरीत जेड बघत होतास ते हेच का?" मी व्हय म्हणालो. ते पुढं चालायला लागले.

मी काय काय करता येईल याचा विचार केला. मामांना गाठावं, सोलापूरला जाऊन माफी मागावी, ज्याला दौत मारली त्याच्या पाया पडावं. हे सगळं मी आता करू शकतो आणि यातल्या कशानंही कुंकू पुसलं जात नाही. तुमचे वडील वाईट नाहीत. त्यांनी शब्द दिला होता आणि ते शब्दाप्रमाणं वागले. देवाच्या करारातही ते तसंच वागतात. शब्द एकट्या माझ्याकडं अडला होता.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर दुसऱ्या कागदावर आहे.

विरुपाक्ष


वाचकाचा अभिप्राय
नोंद : कोळी. लेखिका : कु. शिवगंगा नागप्पा.

नोंद उत्तम आहे. पहिल्या वाचनालाच होती.

भाषा सोपी व नेमकी आहे. ‘कोळ्याला दूरचे नीट दिसत नाही, जाळे हेच त्याचे कान आहेत’ हे वाक्य सबंध नोंदीत वाचकाला सर्वांत आवडले. ते वाचल्या दिवशी त्याने दुकानाची फळी लवकर लावली. हे त्याने तेव्हाच कळवायला हवे होते.

आकृतीखाली नाव नसणे आणि चिकट तंतूंचा घोटाळा, या दोन हरकती खऱ्या होत्या. लोकांतली नावे व तोंडल्याचा मांडव यांनी नोंद अधिक चांगली झाली, पण त्यांच्यावाचून ती अडण्याचे कारण नव्हते. बाकीच्या हरकती वाचक मागे घेत आहे.

नराने तंतू हलवल्यावर मादी उत्तर देते की नाही, याबाबत नोंद काही सांगत नाही. ते योग्य आहे. वाचकाने पुष्कळ दिवस पाहिले, त्यालाही ते समजलेले नाही. ‘काही जातींत मादी नराला खाते’ हे ग्रंथाच्या आधारे ठेवावे. अणदूरच्या नराचे काय झाले ते वाचकाने पाहिलेले नाही, तेव्हा त्याचा दाखला देऊ नये.

शेवटच्या परिच्छेदाविषयी. देवाची पालखी नळदुर्गहून परत आली तेव्हा वेशीतल्या निवडुंगावर एक मोठे जाळे होते. गर्दीत ते फाटले, माणसांच्या खांद्यांना लागून गेले. कोळीण एका काट्याला धरून राहिली. पालखी पुढे गेली तरी वाचक तिथेच थांबला. लोंबणारे सूत तिने पायांनी ओढून गोळा केले आणि तोंडात घेतले, अगदी नोंदीत लिहिले आहे तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचक पुन्हा गेला. त्याच दोन फांद्यांच्या मधे नवे जाळे होते, दहिवराने भरलेले, कुठेही जोड दिसत नव्हता.

तेव्हा तो परिच्छेद आहे तसाच असावा. त्यातला एकही शब्द बदलू नये.

कोश हाताने लिहिलेला आहे आणि ते पान अजून कोरे आहे. ते दुसऱ्या कुणाच्या अक्षरात भरू नये, असे संपादकांना कळवले आहे.

मान्य.

विरुपाक्ष कल्याणप्पा